१९२३ सालचा जर्मनी : मार्क घसरला कसा आणि नोव्हेंबरातच थांबला कसा?

शाईदौत

नमस्कार मंडळी,

दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपावर पदवीच्या वर्गासाठी टिपण करते आहे आणि जर्मनीच्या १९२३ सालापाशी गाडं अडलं आहे. मराठीत या वर्षाबद्दल जे सापडतं ते बहुधा नोटांच्या हातगाड्यांपासून सुरू होतं आणि म्युनिकच्या बिअर हॉलमधल्या हिटलरच्या फसलेल्या उठावापाशी संपतं. मधला सांधा कुठे नीट लागत नाही.

मला हवं आहे ते असं. जानेवारीत डॉलरला १८ हजारांच्या आसपास असलेला मार्क वर्षभरात कसकसा कोसळत गेला? सरळ रेषेत, की टप्प्याटप्प्यानं? दुसरं, रेंटनमार्क हे नवं चलन 'जमिनीच्या तारणावर' काढलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. म्हणजे नोट घेऊन गेलं की जमीन मिळत होती? तसं नसेल तर लोकांनी ती कशाच्या भरवशावर घेतली? तिसरं, आकड्यांचा घोळ. एका पुस्तकात डॉलरचा शेवटचा दर ४.२ बिलियन दिला आहे, दुसऱ्यात ४.२ ट्रिलियन. कोणता धरू? आणि शेवटचं, रूर या कोळसा-पोलादाच्या भागाचा फ्रान्स-बेल्जियमनं घेतलेला ताबा, सॅक्सनी, हॅम्बुर्ग, म्युनिक इथल्या राजकीय घडामोडी ही सुटी प्रकरणं आहेत की पैशाच्या गोष्टीशी त्यांचा खरोखर संबंध लागतो?

जाणकारांनी तारखांसकट लिहिलं तर फार उपयोग होईल.

नाणेघर

आधी आकडे निस्तरू, कारण इथे चुकलं की पुढचं सगळं हजारपटीनं चुकतं.

दोन्ही पुस्तकं एकच आकडा सांगताहेत. जर्मन मिलियार्डे म्हणजे आपला अब्ज, आणि जर्मन बिलियोन म्हणजे त्याच्या हजारपट, एकावर बारा शून्यं. इंग्रजीत त्यालाच ट्रिलियन म्हणतात. तुम्ही टिपणात सरळ 'लाख कोटी' लिहा, घोळच राहणार नाही. २० नोव्हेंबर १९२३ ला एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. युद्धापूर्वीचा दर होता ४.२० मार्क. बरोबर बारा शून्यांचा फरक, आणि तो योगायोग नाही. जुन्या कागदावरची बारा शून्यं खोडली की नवा मार्क मिळावा आणि तो युद्धापूर्वीच्या सोन्याच्या मार्काइतका भरावा, म्हणून दर मुद्दाम तिथे आणून थांबवला. एक रेंटनमार्क म्हणजे एक लाख कोटी कागदी मार्क.

महिन्याची सरासरी वापरताना जपून. डॉलरचा सरासरी दर जानेवारीत सुमारे १८ हजार, जुलैत ३.५३ लाख, ऑगस्टमध्ये ४६ लाख, सप्टेंबरात ९.९ कोटी आणि ऑक्टोबरात २,५२६ कोटी येतो. पण ऑक्टोबरच्या १ तारखेला तो २४ कोटींच्या घरात होता आणि ३१ तारखेला ७,२५० कोटी. एकाच महिन्यात तीनशेपट. त्यामुळे 'ऑक्टोबरातला पावाचा भाव' असं लिहिण्याला काही अर्थ नाही. भावासोबत तारीख लिहायचीच. तारीख नसलेला भाव टिपणात घेऊ नका, तो कितीही चटपटीत असला तरी.

वर्गात नोटांची चित्रं दाखवणार असाल तर तीन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिली नोट १,००० मार्कांची, खाली १५ डिसेंबर १९२२ ही तारीख, आणि तिच्यावर तिरपं लाल अक्षरात 'एक मिलियार्डे मार्क' छापलेलं. तारीख बघून ती १९२२ ची समजतात. प्रत्यक्षात छापून पडून राहिलेल्या हजाराच्या नोटेवर १९२३ च्या शरद ऋतूत नवा आकडा मारून ती अब्जाची केली. खाली मूळची तारीख तशीच राहिली. दुसरी चूक नोटगेल्टची, म्हणजे गावांनी, कारखान्यांनी काढलेल्या आणीबाणीच्या स्थानिक नोटांची. गावांनी काढलेल्या, लोककथांची रंगीत चित्रं असलेल्या छोट्या नोटा १९२१-२२ च्या असतात. त्या बऱ्याचशा संग्राहकांना विकण्यासाठीच छापलेल्या होत्या. १९२३ चं खरं नोटगेल्ट वेगळं दिसतं: घाईत छापलेलं, अनेकदा पाठ कोरी, काढणारे नगरपालिका, रेल्वे किंवा कारखाने, आणि आकडे कोटी-अब्जांत. तिसरी, सगळ्यात मोठ्या आकड्याची म्हणजे १०० लाख कोटींची नोट. तिच्यावर १५ फेब्रुवारी १९२४ ही तारीख आहे, तेव्हा भाव केव्हाच थांबले होते. ती फक्त १०० रेंटनमार्कांची जुन्या चलनातली नोट आहे. 'घसरण १९२४ पर्यंत चालली' याचा पुरावा म्हणून ती दाखवू नका.

मिळाली तर ४.२० सोन्याच्या मार्कांची चिठ्ठी जरूर दाखवा. ऑगस्ट १९२३ मध्ये सरकारनं डॉलरशी बांधलेलं सुवर्णकर्ज काढलं. त्याचे छोटे तुकडे ऑक्टोबरात आले: ०.४२, १.०५, २.१० आणि ४.२० मार्क, म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा, पाव, अर्धा आणि पूर्ण. हे तुकडे पैशासारखे हातोहात फिरले. स्थिर चलनाची भूक किती होती ते या विचित्र आकड्यांवरून विद्यार्थ्यांना चटकन कळतं.

वटाव

नाणेघर यांनी पाया घालून दिला आहे, आता यंत्र कसं चालत होतं ते.

दर सरळ रेषेत चढला नाही. तो कुठे थांबला आणि कुठे सुटला हे बघितलं की कारण सापडतं. रचना अशी होती: सरकारचा खर्च करांतून भागत नसे. मग वित्त मंत्रालय अल्पमुदतीची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारी हुंड्या, काढायचं. बाजारात त्यांना गिऱ्हाईक उरलं नाही तशी राइशबँक, म्हणजे जर्मनीची मध्यवर्ती बँक, त्या हुंड्या वटवून नोटा देऊ लागली. जोडीला ती व्यापाऱ्यांच्या हुंड्याही वटवत होती, आणि कोणत्या दरानं ते पाहा. जुलै १९२२ पर्यंत वटावाचा दर, म्हणजे हुंडी वटवताना बँक घेई ते व्याज, ५ टक्के होता. जानेवारी १९२३ मध्ये १२, एप्रिलात १८, ऑगस्टमध्ये ३० आणि सप्टेंबरात ९० टक्के. नव्वद टक्के ऐकायला भयंकर वाटतात, पण ते वर्षाचे. भाव महिन्याला तीनशेपट होत असताना हे कर्ज फुकटच होतं. कर्ज काढा, कोळसा किंवा यंत्रं किंवा डॉलर घ्या, तीन महिन्यांनी मातीमोल मार्कात फेडा. बड्या उद्योगपतींनी हेच केलं.

करांची बाजू तितकीच महत्त्वाची आहे आणि पुस्तकांत ती नेहमी सुटते. कर आज ठरतो आणि काही महिन्यांनी भरला जातो. भाव पळत असले की भरलेल्या रकमेची किंमत शून्याकडे जाते. उशिरा भरणं हाच नफा. पगारातून कापला जाणारा १० टक्के कर त्यातल्या त्यात लवकर वसूल होई, म्हणून ओझं कामगारावर पडलं आणि व्यापारी-कारखानदार सुटले. नोटा छापल्या की भाव चढणार, भाव चढले की कराची किंमत घटणार, तूट वाढणार, पुन्हा नोटा. हे चक्र एकदा सुरू झालं की नुसते कर वाढवून काही होत नाही. कर कोणत्या मार्कात मोजायचा हेच बदलावं लागतं. ते ऑक्टोबर १९२३ मध्ये झालं: कर सोन्याच्या मार्कात ठरवायचा आणि भरण्याच्या दिवसाच्या दरानं घ्यायचा.

आता थांबा कुठे आला ते. जानेवारीच्या अखेरीस डॉलर ४९ हजारांपर्यंत गेला होता. फेब्रुवारीत राइशबँकेनं आपलं सोनं आणि परकी चलन बाजारात ओतून तो २१ हजारांच्या आसपास खाली आणला आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे धरून ठेवला. १८ एप्रिलला धरण फुटलं. कारण साधं आहे: एका खिडकीतून बँक डॉलर विकून मार्क गोळा करत होती आणि शेजारच्या खिडकीतून सरकारी हुंड्या वटवून तेच मार्क बाहेर सोडत होती. दरावर उपचार झाला, तुटीवर नाही.

आता रेंटनमार्क. कल्पनेचं मूळ राजकारणी कार्ल हेल्फरिख यांच्या राईमार्कात होतं, म्हणजे राई धान्याच्या भावाशी बांधलेल्या चलनात. वित्तमंत्री हान्स लुथर यांनी राई काढून टाकली आणि सोन्याचा मार्क हे माप घेतलं. १५ ऑक्टोबरला अध्यादेश निघाला, १५ नोव्हेंबरला नोटा बाहेर पडल्या. तारण असं: शेतजमिनीवर आणि उद्योग-व्यापारावर मिळून ३.२ अब्ज सोन्याच्या मार्कांचा बोजा, निम्मा एकावर, निम्मा दुसऱ्यावर. आपल्याकडे सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो तसाच. शेतजमिनीच्या जुन्या, युद्धापूर्वीच्या करमूल्याच्या ४ टक्के रकमेचा बोजा, आणि त्यावर मालकानं रेंटनबँकेला, म्हणजे या नोटा काढणाऱ्या बँकेला, वर्षाला ६ टक्के व्याज द्यायचं.

नोट घेऊन गेलात तर जमीन मिळत नसे, सोनंही नाही. ५०० रेंटनमार्क दिले तर ५०० सोन्याच्या मार्कांचा, ५ टक्के व्याजाचा रोखा मिळे. तो घ्यायला जवळपास कोणी गेलंच नाही. कायद्यानं ही नोट सक्तीचं चलनही नव्हती. सरकारी तिजोऱ्यांनी ती स्वीकारली पाहिजे, एवढंच बंधन होतं. म्हणून माझं ठाम मत आहे की 'जमिनीच्या तारणामुळे मार्क सावरला' हे वाक्य टिपणातून काढा. तारणानं लोकांना पहिल्या दिवशी नोट हातात घ्यायला धीर दिला, इतकंच. मार्क सावरला तो मर्यादेमुळे.

ती मर्यादा अशी होती: एकूण २.४ अब्ज रेंटनमार्क. त्यातले १.२ अब्ज सरकारला कर्जाऊ, आणि त्यांपैकी ३० कोटी बिनव्याजी, जुन्या हुंड्या फेडण्यासाठी. उरलेले १.२ अब्ज बँकांमार्फत उद्योग-शेतीला. आणि १५ नोव्हेंबरपासून राइशबँकेनं सरकारी हुंड्या वटवणं बंद केलं. कमी नाही केलं, बंद केलं. या दिवसाची तारीख टिपणात ठळक करा. डिसेंबरात सरकार आणखी कर्ज मागायला गेलं तेव्हा रेंटनबँकेनं नकार दिला आणि तो टिकला.

जुन्या हुंड्यांचा आकडा बघण्यासारखा आहे. राइशबँकेकडे त्या दिवशी सरकारच्या ज्या हुंड्या होत्या त्यांची दर्शनी किंमत १९१.६ वर अठरा शून्यं. बारा शून्यं काढा: जेमतेम १९ कोटी १६ लाख रेंटनमार्क. म्हणजे तीस कोटींच्या बिनव्याजी कर्जात सगळं जुनं देणं फिटून वर उरलं. आणि युद्धकर्जाचे रोखे, ज्यांत चार वर्षं मध्यमवर्गानं सुमारे ९८ अब्ज मार्क घातले होते, त्यांची किंमत उरली दहा फेनिगांच्या (फेनिग म्हणजे मार्काचा शंभरावा हिस्सा) आत. सगळ्या रोख्यांची मिळून.

शाईदौत

वटाव, फार स्पष्ट झालं. एक शंका राहते. नव्या २.४ अब्ज नोटा आल्या, जुना कागद बाजारात होताच, मग एकूण पैसा वाढला ना? तरी भाव पुन्हा का चढले नाहीत?

वटाव

हा प्रश्न खरा महत्त्वाचा. उत्तर असं की नोव्हेंबरात जर्मनीत पैसा जास्त नव्हता, फारच कमी होता. संख्येनं अफाट, किमतीनं क्षुल्लक. हातात आलेला मार्क कोणी तासभरही ठेवत नसे, म्हणून भाव छपाईच्याही पुढे पळत होते. शेवटी राइशबँकेत उरलेलं सोनं (सुमारे ४६.७ कोटी सोन्याच्या मार्कांचं) देशातल्या सगळ्या कागदी मार्कांच्या एकत्रित किमतीपेक्षा जास्त भरत होतं. युद्धापूर्वी हाच देश सुमारे सहा अब्ज सोन्याच्या मार्कांच्या चलनावर चालत होता. आता पगाराला, बाजारहाटाला पुरेल एवढंही खरं चलन नव्हतं. अशा वेळी स्थिर राहील अशी नोट आली की लोक ती खर्च न करता जवळ ठेवतात, आणि जवळ ठेवलेला पैसा भाव चढवत नाही. त्यामुळे नव्या नोटांना जागा होती. पण ती जागा एकदाच मिळते. तिच्यापलीकडे छापलं असतं तर १९२४ च्या वसंतात पुन्हा तेच झालं असतं. व्यापारी कर्ज फार वाढू लागलं तेव्हा ७ एप्रिल १९२४ ला राइशबँकेचे नवे अध्यक्ष ह्यालमार शाख्त यांनी नवं कर्ज जवळजवळ गोठवलं ते याच भीतीनं. कित्येक उद्योग त्यात बुडाले.

शाख्त १२ नोव्हेंबरला चलन आयुक्त झाले. २० तारखेला राइशबँकेचे जुने अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन वारले आणि डिसेंबरात ती खुर्चीही शाख्तकडे आली. त्यांचं या पंधरवड्यातलं सगळ्यात धारदार काम नोटगेल्टचं आहे. २२ नोव्हेंबरपासून राइशबँकेनं नोटगेल्ट घेणं थांबवलं. गावं, कारखाने आपापल्या नोटा छापून त्या राइशबँकेत भरून खऱ्या नोटा उचलत होते, ती वाट बुजली. ऱ्हाइनकाठच्या कारखानदारांनी आरडाओरडा केला. कोलोनच्या काळ्या बाजारात डॉलर अकरा लाख कोटींपर्यंत गेला होता. सट्टेवाल्यांनी तो नोटगेल्टच्या आणि उधारीच्या भरवशावर घेतला होता. महिनाअखेर पैसे चुकते करायची वेळ आली, नोटगेल्ट चालेना, कर्ज मिळेना, तेव्हा त्यांना तेच डॉलर ४.२ लाख कोटींनी बँकेला विकावे लागले. नव्या चलनाची खरी परीक्षा तिथे झाली.

खर्चाची बाजूही मांडा. २६ सप्टेंबरला रूरमधला फ्रेंच-बेल्जियन ताब्याविरुद्धचा असहकार मागे घेतला, त्याचा भार हळूहळू उतरला. २७ ऑक्टोबरच्या अध्यादेशानं सरकारी नोकरांत २५ टक्के कपात ठरली, त्यात विवाहित स्त्रिया आधी गेल्या. २१ डिसेंबरला आठ तासांच्या दिवसाला मोठी भोकं पडली. डिसेंबरात कामगार संघटनांच्या सभासदांत २८ टक्क्यांच्या आसपास बेकार होते. चलन स्थिर झालं त्याची किंमत कुणी मोजली हे लिहिल्याशिवाय टिपण पुरं होणार नाही.

अवांतर: डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनहून निघाला तो याच १९२३ साली. विषय भारतीय चलनाचा, पण चलन काढणाऱ्याच्या हाताला ठरलेली मर्यादा हवी, त्याच्या मर्जीवर ते सोडता कामा नये, हा त्यातला आग्रह जर्मनीतल्या या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावा असा आहे.

पूर्वपक्ष

सगळं ठीक, पण मूळ कारण पहिल्या महायुद्धानंतर दोस्तराष्ट्रांनी जर्मनीवर लादलेली युद्धभरपाईच ना? १३२ अब्ज सोन्याचे मार्क कुठून देणार होता जर्मनी? राइशबँकेवर खापर फोडून दोस्तराष्ट्रांना मोकळं सोडल्यासारखं होतंय.

सनावळी

पूर्वपक्ष, हाफेनश्टाइन यांचंही हेच म्हणणं होतं: भरपाईमुळे मार्क घसरतो, घसरल्यामुळे भाव चढतात, चढलेल्या भावांना पुरतील इतक्या नोटा देणं बँकेचं काम. पण तारखा जुळत नाहीत. युद्धाचा खर्च जर्मनीनं करांऐवजी मुख्यतः कर्जातून केला होता आणि जानेवारी १९१९ मध्येच, भरपाईचा आकडा ठरायच्या दोन वर्षं आधी, मार्क निम्म्याखाली गेला होता (डॉलरला ८.९). १९२० च्या वसंतापासून वर्षभर तो बराचसा स्थिर होता. १३२ अब्जांचा आकडा मे १९२१ चा, आणि त्यातले खरोखर मागायचे होते सुमारे ५० अब्ज. त्या उन्हाळ्यात जर्मनीनं एक अब्ज रोख भरले आणि घसरण पुन्हा सुरू झाली, हे तुमच्या बाजूचं. परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांचा २४ जून १९२२ ला खून झाल्यावर ती घसरण धावू लागली. पण सर्वांत भीषण कोसळ झाली १९२३ मध्ये, जेव्हा फ्रान्स-बेल्जियमला भरपाई देणं जर्मनीनं थांबवलेलं होतं. भरपाईनं कर वाढवणं राजकीयदृष्ट्या अशक्य केलं ('फ्रेंचांसाठी आम्ही कर का भरायचा?'), हे खरं. तेवढं लिहा. त्यापुढे जाऊ नका.

शाईदौत यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. प्रकरणं सुटी नाहीत, पैशाच्या दोरीनं बांधलेली आहेत.

डिसेंबर १९२२ मध्ये भरपाई आयोगानं जर्मनीला लाकडाच्या पुरवठ्यात कसूरवार ठरवलं, त्यात तारांच्या खांबांचा हिशेब होता. ९ जानेवारीला कोळशात. तीन विरुद्ध एक मतानं, एक मत ब्रिटनचं. ११ जानेवारीला फ्रान्सचे पंतप्रधान रेमों प्वँकारे यांच्या सरकारनं बेल्जियमसोबत रूरमध्ये सैन्य घातलं. जर्मनीचे चान्सलर विल्हेल्म कूनो यांच्या सरकारनं असहकार पुकारला: अधिकाऱ्यांनी आज्ञा पाळू नये, रेल्वेवाल्यांनी कोळशाची गाडी हलवू नये. फ्रेंचांनी रेल्वे स्वतः चालवायला घेतली, एक लाखाहून अधिक माणसांना, रेल्वे कामगार आणि त्यांची कुटुंबं धरून, हद्दपार केलं. ३१ मार्चला एसेनमध्ये क्रुप या पोलाद कंपनीच्या कारखान्यात मोटारी जप्त करायला आलेल्या तुकडीच्या गोळीबारात १३ कामगार मेले.

या असहकाराचा हिशेब दुहेरी तोट्याचा होता. बसून असलेल्यांचा पगार आणि बंद खाणींना मदत बर्लिनहून जायची, म्हणजे छापून. रूरचा कोळसा आणि पोलाद नाही म्हणून कर आणि निर्यात बुडाली. उरलेल्या जर्मनीला लागणारा कोळसा ब्रिटनकडून परकी चलनात घ्यावा लागला. फेब्रुवारीतला आधार एप्रिलात तुटला त्याचं मूळ इथे आहे.

ऑगस्टचा धागा तर अगदी थेट. १० ऑगस्टला बर्लिनच्या सरकारी छापखान्यातले कामगार संपावर गेले आणि नोटांची छपाई अडली. पगाराला नोटा नाहीत म्हणून संप पसरला. १२ ऑगस्टला कूनो गेले, दुसऱ्या दिवशी गुस्टाव्ह स्ट्रेझमान यांनी उजव्या मध्यमवर्गीय पक्षापासून समाजवादी लोकशाहीवाद्यांपर्यंतची मोट बांधून सरकार केलं. या माणसाला शंभर दिवस मिळाले. त्यात त्यानं जे केलं त्याबद्दल मला आदर वाटतो.

२६ सप्टेंबरला असहकार मागे घेतला, कारण तो चालू ठेवून कुठलंच चलन टिकलं नसतं. त्याच दिवशी बव्हेरिया या राज्यानं (राजधानी म्युनिक) आणीबाणी जाहीर करून गुस्टाव्ह फॉन कार यांना सर्वाधिकार दिले. असहकार मागे घेणं ही उजव्यांच्या लेखी शरणागती होती. राष्ट्राध्यक्ष फ्रिडरिख एबर्ट यांनी देशभर आणीबाणी लावली. बव्हेरियातले सेनाधिकारी लोसो यांनी बर्लिनचा हुकूम धुडकावला, त्यांना काढलं तर बव्हेरियानं तिथल्या सैन्याकडून २२ ऑक्टोबरला आपल्याच नावानं शपथ घेतली.

डावीकडे सॅक्सनीत १० ऑक्टोबरला आणि थुरिंगियात १६ ला कम्युनिस्ट राज्य सरकारांत शिरले, मॉस्कोत क्रांतीचा बेत ठरलेला होता. २१ तारखेला केमनिट्सच्या कामगार परिषदेत सार्वत्रिक संपाच्या सूचनेला पाठिंबा मिळाला नाही आणि बेत गुंडाळला गेला. हॅम्बुर्गमध्ये मात्र २३ तारखेला कम्युनिस्टांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले, दोन-तीन दिवसांत ते मोडलं. २९ ला घटनेच्या ४८ व्या कलमाखाली सॅक्सनीचं सरकार बरखास्त. बव्हेरियाला हात लावला नाही. या भेदभावावरून समाजवादी लोकशाहीवादी २ नोव्हेंबरला सरकारातून बाहेर पडले.

इथे एक बारकावा आहे तो सोडू नका. १३ ऑक्टोबरला संसदेनं सरकारला आर्थिक अध्यादेशांचे विशेष अधिकार दिले होते, पण सरकारातले पक्ष बदलले की ते संपणार होते. म्हणजे खिडकी उघडी होती जेमतेम तीन आठवडे. रेंटनबँकेचा अध्यादेश, नोकरकपात, दोन्ही त्यात बसले. आघाडी तीन आठवडे आधी फुटली असती तर रेंटनमार्कला कायद्याचा आधारच मिळाला नसता.

८ नोव्हेंबरच्या रात्री म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉय बिअर हॉलमध्ये कार यांची सभा चालू असताना हिटलरनं पिस्तूल रोखून 'राष्ट्रीय क्रांती' जाहीर केली. कार, लोसो आणि पोलीसप्रमुख झायसर यांनी रात्रीतच पाठ फिरवली. ९ ला दुपारी फेल्डहेर्नहाले या स्मारकापाशी पोलिसांनी मोर्चा गोळीबारानं मोडला, चार पोलीसही मेले. रेंटनमार्कच्या पहिल्या नोटा आल्या त्याच्या सहा दिवस आधीची ही गोष्ट. पुढे हिटलरला १ एप्रिल १९२४ ला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि २० डिसेंबरला सुटका. स्ट्रेझमान मात्र २३ नोव्हेंबरला, मार्क स्थिर होऊन तीन दिवस झाले असताना, विश्वासदर्शक ठराव हरले. ते पुढच्या सरकारांत परराष्ट्रमंत्री राहिले.

ठेवपावती

बुडालेल्या धनको-ठेवीदारांच्या नुकसानभरपाईचा भाग कोणी लिहिलेला नाही, तो जोडते.

१९१३ साली घरावर १०,००० मार्कांचं गहाणखत केलेला माणूस ऑक्टोबर १९२३ मध्ये दहा हजार कागदी मार्क टाकून मोकळा होऊ शकत होता. १ ऑक्टोबरला साध्या पत्राचं तिकीट २० लाख मार्कांचं होतं. कायदा म्हणत होता मार्क म्हणजे मार्क. २८ नोव्हेंबर १९२३ ला सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व मोडलं: अशी परतफेड सचोटीच्या व्यवहारात बसत नाही, धनको ती नाकारू शकतो. सरकार घाबरलं, कारण तोच न्याय सरकारी कर्जाला लागला असता तर अर्थसंकल्प कोसळला असता. १४ फेब्रुवारी १९२४ च्या कर-अध्यादेशानं गहाणकर्जाचं १५ टक्के पुनर्मूल्यन ठरवलं, म्हणजे मूळच्या सोन्यातल्या किमतीच्या १५ टक्के धनकोला परत. ओरड झाल्यावर १६ जुलै १९२५ च्या कायद्यानं ते २५ टक्के केलं, आणि १५ जून १९२२ नंतर कागदात फेडून घेतलेल्यांनाही मागे जाऊन लागू केलं. म्हणजे वरच्या दहा हजारांचे २,५०० नवे मार्क, तेही मुद्दल १९३२ पर्यंत अडकलेलं. उद्योगांच्या रोख्यांना १५ टक्के. सरकारी रोख्यांना अडीच टक्के, १ जुलै १९२० पूर्वीपासून रोखे धरून असलेल्यांना सोडतीनं त्याहून जास्त. बचत बँकेतल्या ठेवीला किमान साडेबारा टक्के. साध्या बँकेतल्या चालू ठेवींना काहीच नाही.

उदाहरण सोडवून दाखवणार असाल तर कर्ज कधीचं आहे ते आधी बघा. १९१८ पूर्वीचं असेल तर दर्शनी रक्कम सोन्याच्या मार्कात जशीच्या तशी धरायची. १९१८ ते १९२३ मधलं असेल तर त्या तारखेच्या मार्काची सोन्यातली किंमत आधी काढायची आणि मग टक्केवारी लावायची. १९२२ च्या १०,००० मार्कांच्या कर्जाचेही २,५०० मार्क काढले की उत्तर साफ चुकतं.